बत्तीस चेहऱ्यांचं पान

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस आत्ता माझ्या डोळ्यांदेखत मरणार, असं मला वाटलं. नोकरीचा पहिलाच दिवस होता. सुरतच्या रिंग रोडवर एका कापड मार्केटच्या चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस, साडीवाल्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवण्याचं काम. कोपऱ्यातल्या खुर्चीत पन्नाशी ओलांडलेला एक सुकडा माणूस हातातल्या फोनकडे डोळे वटारून बघत होता. तोंड लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या आणि श्वास बंद. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. तेवढ्यात त्यांनी भुस्सकन हवा सोडली, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सव्वीस सेकंद. या शेठचं दुकान बसणार," आणि माझ्याच बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं.

ही त्यांची मोजणी होती. वेबसाइटवर बोट ठेवलं की श्वास धरायचा आणि पान पुरतं दिसलं की सोडायचा. सेकंद मोजणारी साधनं संगणकात असतात, ती मी शिकूनच आले होते, आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवलीही. त्यांनी ती नीट पाहिली. मग म्हणाले की घड्याळाला वाट बघायचा त्रास होत नाही, माणसाला होतो. मी त्या दिवशी घरी जाऊन आबांना, म्हणजे माझ्या वडलांना सांगितलं की ऑफिसात एक वेडा आहे. आबा सुरतच्याच गोडादऱ्याला राहून तीस वर्षं लूमवर काम केलेले. त्यांनी विचारलं, "सचिनवाला मास्तर का?" आणि हसले.

म्हणजे हा माणूस मूळचा लूमचाच. अमळनेरकडचा, नववी नापास. सुरतजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात बंद पडलेले माग चालू करणारा मास्तर. पुढे कारखान्यात संगणकावर चालणारे जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारे माग, आले, साडीची नक्षी फाइलमधून यायला लागली. फाइल जड झाली की माग अडायचा आणि शेठ ओरडायचा. मास्तरांनी त्या फाइली हलक्या करायला शिकून घेतलं. कसं, ते कुणालाच ठाऊक नाही. तिथून साड्यांचे फोटो हलके करणं, तिथून वेबसाइट हलक्या करणं, असा त्यांचा प्रवास. जुन्या जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं ते अजून वापरत. कोणत्या वेबसाइटमधून काय काय काढायचं याची यादी त्या भोकांच्या मधल्या जागेत बोटभर पेन्सिलीनं लिहीत. मला ती वाचताना डोळ्यांत पाणी यायचं, दुःखानं नव्हे, अक्षरानं.

लोकांना वाटतं, सर्चमध्ये वर यायचं म्हणजे काहीतरी गुपित असतं. आमचे मालकही व्यापाऱ्यांना तसंच सांगत. मास्तर मात्र गिऱ्हाइकासमोरच सांगून मोकळे व्हायचे, की पान हलकं करा, बाकीचं तो बघतो. तो म्हणजे सर्च. कोणाच्या दारातून माणूस परत फिरतो हे त्याला दिसतं, आणि ज्याच्या दारातून फार माणसं फिरतात त्याला तो मागच्या गल्लीत नेऊन टाकतो, असं त्यांचं साधं सूत्र. माझ्या शिकवणीत हेच चाळीस पानांत होतं.

ऑफिसच्या वायफायला ते कधी हात लावत नसत. वायफाय म्हणजे घरचं जेवण, म्हणत, सगळं गोडच लागतं. स्वतःचा फोन जुना, एका कोपऱ्यात तडा गेलेला, आणि त्यात सगळ्यात स्वस्तातलं डेटा पॅक. चांगला फोन घ्यायची ऐपत होती. मालकांनी एकदा नवा कोरा फोन आणून हातात दिला, तर त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा घेतला तर मला गिऱ्हाइकाचं दुखणं कळायचं बंद होईल." तो फोन मी वापरला. खोटं कशाला बोलू.

त्यांची खरी प्रयोगशाळा कोसाडला होती, ते राहत त्या वसाहतीत. तळमजल्याच्या जिन्याखाली पाण्याच्या मोटरीची पेटी होती, तिथं नेटवर्क जेमतेम एक दांडी. त्याच जिन्यात दुपारी बाया साड्यांना खडे चिकटवत बसत. मास्तर मला एकदा तिथं घेऊन गेले. आमच्या एका गिऱ्हाइकाची वेबसाइट त्यांनी एका विदर्भातल्या मावशीच्या फोनवर उघडायला लावली आणि मला कानात म्हणाले, स्क्रीन बघू नको, अंगठा बघ. मी अंगठा बघत बसले. तो फोनवर टेकला, थांबला, उचलला गेला, हवेत राहिला. "कवाचं फिरून राह्यलं जी ते," मावशी म्हणाली आणि पान बंद करून परत खड्यांना लागली. त्या वेबसाइटवर मी दीड महिना खपले होते. बाईनं ती नऊ सेकंदांत टाकून दिली. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मास्तरांची माया अशी होती, आणि जिभेला हाड नव्हतं. एका मोठ्या शेठच्या वेबसाइटवर आधी देवाची तसबीर यायची, तिच्यासमोर दिवा हलायचा, घंटा वाजायची, मग शेठच्या स्वर्गवासी वडलांचा हार घातलेला फोटो यायचा, आणि मग साड्या. दुकानात गादीच्या मागे जशी मांडणी असते तशीच. मास्तरांनी एका दुपारी दिवा, घंटा, देव आणि वडील, चौघांनाही काढलं. न विचारता. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः चार जिने चढून आले. "आ शुं करी नाख्युं, मास्तर? भगवानने काढी नाख्या?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. मी टेबलाखाली जायच्या बेतात. मास्तर शांतपणे म्हणाले, "देव कुठं जात नाही, शेठ. गिऱ्हाईक जातं." तीन आठवड्यांत शेठची वेबसाइट लग्नाच्या साड्यांसाठी पहिल्या पानावर आली. शेठनी घारी या सुरती मिठाईचा मोठा डबा पाठवला, पण मास्तरांशी पुन्हा बोलले नाहीत. घारी कोसाडच्या जिन्यात वाटली गेली.

शेठच्या डोळ्यांतली भीती मास्तरांना दिसली नव्हती का, असं मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मला ते सगळं फार भारी वाटलं होतं. मी तोवर त्यांची चेलीच झाले होते. एकटी असताना श्वास धरूनही बघायची.

आता मंडळाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले आहे.

गोडादऱ्यात आमच्या खान्देशी लोकांचं एक मंडळ आहे. आबा त्याचे सहसचिव. मंडळानं रक्तदात्यांची यादी केली होती, गट, नाव, भाग, फोन. लूमवर बोटं तुटतात, बांधकामावर माणसं पडतात, बाळंतपणं अडतात, तेव्हा आपल्या माणसाला धावाधाव करावी लागू नये हा हेतू. खरोखर चांगलं काम. तिची वेबसाइट मीच बनवून दिली होती, नोकरीला लागायच्या आधी. आपल्याकडे बॅनर कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. वर अध्यक्ष, शेजारी मार्गदर्शक, खाली रांगेनं कार्यकर्ते, प्रत्येकाचे हात जोडलेले. मी तेच केलं. एकामागून एक सरकणारे बत्तीस चेहरे, आणि ते सगळे उतरले की खाली यादी.

एक दिवस मास्तरांनी स्वतःहून विचारलं की तुमच्या मंडळाचं पान कुठं आहे. त्यांची एकुलती मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना चालू होता, आणि तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. हा गट लवकर मिळत नाही. डॉक्टरांनी आधीपासून माणसं बघून ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी कौतुकानं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी श्वास धरला. तोंड लाल झालं, जांभळट झालं, आणि मग पान उघडायच्या आधीच त्यांनी श्वास सोडून दिला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी केलं, असं मी सांगितलं.

ते रागावले नाहीत. दोन रविवार बसून त्यांनी ते पान नव्यानं केलं, फुकट. बत्तीसही चेहरे गेले. वर फक्त यादी, रक्तगटावर बोट ठेवलं की नंबर. पापणी लवायच्या आत उघडायचं, जिन्याखालीसुद्धा. पूर्वी गोडादरा, लिंबायत भागात रक्तासाठी शोध घेतला तर आमचं पान चौथ्या-पाचव्या पानावर कुठंतरी लोंबकळत असायचं. दीड महिन्यात ते सगळ्यांच्या वर आलं. ओ निगेटिव्हवाले तिघं होते. त्यातल्या एकाला मास्तर स्वतः भेटून आले आणि त्याचा नंबर फोनमध्ये ठेवला. बाकीच्या दोघांचे नंबर पानावर आहेतच, म्हणाले, पान कशासाठी आहे मग.

मंडळाच्या बैठकीत मात्र आग लागली. अध्यक्ष म्हणाले की आम्ही काय चोर आहोत का तोंड लपवायला, कामं आम्ही करायची आणि आमचेच फोटो काढायचे. बाकीच्यांनी माना हलवल्या. मास्तरांना बोलावलेलं होतं. ते उभे राहिले आणि भर बैठकीत म्हणाले, "रक्त मागायला आलेल्या माणसानं तुमची तोंडं कशाला बघायची?" मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मास्तर चहा न घेता निघून गेले आणि जिन्यात मला म्हणाले की कशी जिरवली. ते खुशीत होते.

महिन्याभरानं मंडळाचा वर्धापनदिन आला. अध्यक्षांनी ठरवलं की त्याच कार्यक्रमात वेबसाइटचं उद्घाटन करायचं. वेबसाइट तर केव्हाची चालू होती, पण नारळ फोडला नाही म्हणजे उद्घाटन झालं नाही. हॉलमध्ये मोठा पडदा लावणार, पाहुणे बटण दाबणार आणि चेहरे दिसले पाहिजेत. मास्तरांना बोलावायचं नाही, असंही ठरलं. निरोप आबांच्या हाती माझ्याकडे आला. मी नाही म्हणाले. दोनदा नाही म्हणाले. मग आबा माझ्या शेजारी येऊन बसले. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय असलेला माणूस इतकं हळू बोलला की मला पुन्हा विचारावं लागलं.

"मना फोटो आजपावत दुसरा कोठेच लागना नही, बेटा. दोन दिन ऱ्हाऊ दे."

माझ्या वडलांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले. रविवारी सकाळी चढवायचं आणि सोमवारी उतरवायचं. मास्तरांना कळवलं असतं तर त्यांनी तोफ डागली असती, म्हणून कळवलं नाही. मोठ्या पडद्यावर छोटे फोटो फाटतात, म्हणून फोटोग्राफरनं दिलेले मोठेच्या मोठे फोटो घेतले. नवीन मांडणी करायला वेळ नव्हता, म्हणून माझं जुनंच पान परत चढवलं. आधी बत्तीस चेहरे, मग यादी. हॉलच्या वायफायवर ते झटकन उघडलं. हे सगळं मला मास्तरांनीच शिकवलं होतं, की असं करू नये.

कार्यक्रम दणक्यात झाला. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं, ढोल वाजले. पडद्यावर चेहरे सरकू लागले. सगळ्यात शेवटी आबा, पांढरी टोपी, हात जोडलेले, भिंतीएवढे. आबा स्वतःकडे बघत उभे होते. मला इतका आनंद झाला की मी रडले. माझा फोन पर्समध्ये होता आणि पर्स स्पीकरच्या मागे.

साडेपाचला मी फोन काढला. मास्तरांचे अकरा मिस्ड कॉल होते. आबांच्या फोनवर सहा.

मला कुणी सांगायला नको होतं. मी हॉलच्या पायरीवर बसून आधी चेहरे उतरवले, यादी वर आणली, आणि मग मास्तरांना फोन लावत राहिले. तो कुणी उचलला नाही. आठ वाजता मालकांचा मेसेज आला की मास्तरांची मुलगी गेली, बाळ ठीक आहे, मुलगी आहे.

तिला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. बाळंत झाली, पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी ओ निगेटिव्ह मागितलं. जवळच्या रक्तपेढीत नव्हतं. मास्तरांनी ज्याचा नंबर ठेवला होता तो माणूस लग्नासाठी गावी गेलेला. उरलेले दोघं आमच्या हॉलमध्ये होते, त्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. एक जण तर तिसऱ्या रांगेत बसून लाडू खात होता. मास्तर शेवटी रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि रक्त घेऊन आले, तोवर उशीर झाला होता. वेळेत मिळालं असतं तरी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं नंतर कानावर आलं. त्या वाक्याचा मी कितीतरी दिवस आधार घेऊन पाहिला. तो टिकत नाही.

आबांनी दुसऱ्या दिवशी मंडळ सोडलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मी कोसाडला गेले. जिन्यातल्या बायांनी खडे लावणं बंद ठेवलं होतं. मास्तर बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, आबा काय म्हणाले तेसुद्धा. सांगताना वाटत होतं की आता ते हात उगारतील, आणि उगारावा असंही वाटत होतं.

त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं. दवाखान्याच्या तळमजल्यावर उभं राहून त्यांनी पान उघडलं होतं.

"सर्चमध्ये पहिलंच आलं," ते म्हणाले. "अध्यक्ष आला. मग मार्गदर्शक आला. एकेक येत होता. म्हटलं, येऊ दे, संपतील. अकरावा अर्धा आला आणि डेटा संपला. तुझ्या आबांपर्यंत पोचलोच नाही मी. शेजारच्याचा फोन मागितला, त्याच्यावर पण तेच."

ते फरशीवर बोट फिरवत राहिले. मग ऑफिसात विचारायचे तशाच आवाजात त्यांनी विचारलं, "एका फोटोचं वजन किती होतं?"

"नऊ एमबी."

त्यांचे ओठ हलले. ते हिशेब करत होते. बाहेर नातेवाईक बसलेले, आत पाच दिवसांचं पोर, आणि हा माणूस एमबीचा हिशेब करतोय, याचा मला क्षणभर भयंकर राग आला.

"पन्नास केबीत बसतो चेहरा," ते म्हणाले. "नाकडोळे सगळे स्वच्छ दिसतात. बत्तीसचे बत्तीस खाली लावता आले असते. वर यादी, खाली चेहरे. पानाला कळलं पण नसतं. तासाभराचं काम."

"इतक्या कमीत बसवायला मला येत नव्हतं, मास्तर," मी म्हणाले. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मला येत होतं," मास्तर म्हणाले. "तेव्हापण येत होतं. पहिल्याच रविवारी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मग का काढले सगळे?"

"मला त्यांची जिरवायची होती," ते म्हणाले, आणि आत पोर रडायला लागलं म्हणून उठून गेले.